हरित रोजगार मोजणीची हकीकत

श्रीसूर्यनारायण साक्ष. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी राज्यात बेत ठरला की कोळशास रजा द्यावी आणि सूर्यास चाकरीस ठेवावे. खाणी मिटल्यावर माणसांनी खावे काय, हे सांगावयास दरबारी सल्लागार मृणालिनीबाई ओगले होत्या. बाई ऊर्जेच्या अर्थशास्त्रात निष्णात. सोबतीचे विद्वान तेलाचे भाव वर्तवून गबर जाहले आणि बाई हयातभर कामकरी माणसे मोजीत राहिल्या. दरबारी मोजणीची रीत ऐसी, की मैदानी सोलरची पॅनेले बसवावी, कामावरील माणसे मोजावी, मग दुसरे मैदान धरावे आणि पुन्हा नव्याने मोजावी. येणेकरून रोजगार लक्षभर भरले. दिवाणजींनी आकडा उत्सवाचे कमानीवर रंगविला आणि दिवाळीस खाणी बंद करावयाचा हुकूम काढिला. मग बाई खातरजमेस एका मैदानी गेल्या, तो पॅनेल बसविणारा गडी ओळखीचा निघाला.

"कन्नाके, तुम्ही मागच्या मैदानावरही होतात ना?"

"त्याच्या मांगच्यावरबी होतो जी. इथलं सरलं का आमाले सगळ्यायलेच पुढं धाडतात. घरी गेलो तं पोरगी मले पाव्हणाच समजते."

बाई मनी चरकल्या. एकच कन्नाके, दरबारी तीन जाहले होते. आणि कन्नाके ज्या खाणगावचे, जेथील चुली विझावयाच्या, तेथे नवे काम एकासही नव्हते. तशाच तडक दरबारी गेल्या आणि आकडा तिसऱ्या हिश्शावर आणिला.

दिवाणजींनी कपाळास हात लाविला. "अहो बाई, कमान रंगवून झाली! रंगारी गावाला गेला!"

"मग हुकूम तेवढा मागे घ्या."

हरितपक्षाचे लोक म्हणाले, बाई कोळशास फितूर. कोळसेवाले हार घेऊन आले, तो बाई म्हणाल्या, "हार राहू द्या. खाण बंद व्हायलाच हवी, धूर काही अमृत नव्हे. आधी गावात काम उभं करा, मग कुलूप लावा." ते हारासुद्धा माघारी गेले. दोन्ही बाजू रुसल्या आणि बाईंचे आसनही गेले. परंतु बोलणे कर्णोपकर्णी खाणगावी पोचले आणि गाव लेकुरांसह कमानीखाली येऊन बसला, तेणे उत्सवाची मिरवणूक अडली. मग दिवाणजींनी नाइलाजे हुकूम फिरविला, की आधी खाणगावी पॅनेल-दुरुस्तीचा कारखाना, पश्चात कुलूप. कारखाना उभा राहिला, कन्नाके त्यात लागले आणि सांजचे घरी जेवू लागले.

तात्पर्य इतकेच. बाईंचे जागी दोन सल्लागार बसले, आणि दरबाराने ती हरित रोजगारात दुपटीची वाढ धरिली. बाई हल्ली खाणगावी असतात. माणसे मोजितात, एकेकास एकदाच.