राळ्याची लापशी छान लागते

धान्य जितकं प्राचीन तितकं ते पौष्टिक, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. (नवऱ्यांना हा नियम अद्याप लागू नाही.) त्या न्यायाने राळे सर्वांत पौष्टिक. माणूस शेती शिकला तेव्हा त्याने ते पेरले आणि भात मिळाल्याबरोबर पाखरांना देऊन टाकले, यावरून त्याची भूतदया दिसते.

सोलापुरातल्या एका कचेरीत हेडक्लार्क असलेल्या गुरुशांतांच्या घरी, पत्नी पद्मजाने प्रदर्शनातून दहा किलो राळे आणले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला लापशी आली. गुरुशांतांनी मनोमन पाहणी केली. तंतू: विपुल. लोह: समाधानकारक. रंग: ओल आलेल्या भिंतीचा. चव: शोध सुरू आहे.

पद्मजा पदर खोचून समोर उभी होती, कपाळावर घाम. कशी झालीय, तिने विचारलं. संसाराला स्मरून गुरुशांत "छान" म्हणाले. आपल्या घरांत ही दाद नसते, मागणी असते. दुसरी वाटी आली, आणि मग रोज दोन येऊ लागल्या.

खरं सांगावं तर तिचं तोंड उतरणार. न सांगावं तर उरलेलं आयुष्य राळ्यात जाणार. गुरुशांतांनी मधला मार्ग काढला. लापशी संपवून ते सात रस्ता चौकातल्या बसूच्या गाड्यावर मिरचीची भजी खात आणि मगच कचेरीत जात. वजन वाढलं. राळे अंगी लागले, असं पद्मजाने शेजारी सांगितलं.

एके दिवशी स्कूटर पंक्चर झाली आणि गुरुशांत गाड्यावर उशिरा पोचले. तिथे पद्मजा उभी. हातात कागद, तोंडात भजं.

बसूला सारवासारव जमत नाही. "वैनी रोजच्याच हायत की, सायेब. तुमी गेलासा की येत्यात."

पद्मजाने घास गिळला. "मला नाही हो ती लापशी घशाखाली उतरत. तुम्हाला आवडते म्हणून करते."

"मला कुठं आवडते?"

"मग रोज छान म्हणता ते?"

"तू समोर उभी असतेस की."

कागदातलं मोठं भजं पद्मजाने त्यांच्याकडे सरकवलं.

लापशी त्याच दिवशी बंद झाली. राळे मात्र बरेच उरले, आणि इतकी प्राचीन वस्तू टाकून देणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. ते आता सकाळच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले आहेत. अजून एकाही पाहुण्याने नाव ठेवलेलं नाही.

तुम्हीही या. पद्मजा पदर खोचून समोर उभी राहील, कपाळावर घाम. तुम्ही काय म्हणणार ते दोघांना ठाऊक आहे. दुसऱ्या वाटीसाठी गुरुशांत डाव हातात घेऊनच बसलेत.