कॉम्प्युटर बघण्याचा कार्यक्रम

"आधी कुठल्या घरात होता? माणसं कशी होती? मग का सोडला त्यांनी?"

मंदाताई हे एका जुन्या कॉम्प्युटरबद्दल विचारत होत्या. उल्हासनगरच्या त्या दुकानात मी त्यांच्या मागे उभी राहून गार पडले होते. सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना लोक मेमरी विचारतात, एवढं मलाही माहीत होतं. ताई घराणं विचारत होत्या.

अंबरनाथ पूर्वेला ताईंचं लग्नाचे बायोडाटे करून द्यायचं दुकान आहे. त्यामुळे दिसेल त्या वस्तूकडे त्या स्थळ म्हणूनच बघतात. पंखा घेतला तेव्हा म्हणाल्या होत्या, "आवाज करतो, पण मनाचा साधा दिसतोय."

मी जालन्याकडची, आठवीत शाळा सोडलेली. कुणाच्या तरी ओळखीने इकडे आले, तेव्हा ताईंनी मला थेट खुर्चीवर बसवलं. "अक्षरं ओळखतेस ना? मग लाव बोट." मी अजून दोन बोटांनीच टाईप करते. ताई मागे येरझारा घालत सांगत राहतात, "वर्ण गोरा लिही. अगं, तो म्हणतोय तर लिही, आपल्याला थोडंच करायचंय त्याच्याशी." राहते दुकानाच्याच माळ्यावर. म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं, ही धास्ती कायमची.

आणि लग्नसराईच्या तोंडावरच आमचा कॉम्प्युटर मरायला टेकला. झाकण काढून त्याच्या पोटात टेबलफॅनचा वारा घालायचो. एका मुलाचा बायोडाटा छापताना 'अपेक्षा' यायच्या आतच तो बंद पडला. मुलगा तसाच कागद घेऊन गेला. त्याचं लगेच जमलं.

नवा परवडणार नव्हता, म्हणून ताई भिशी उचलून उल्हासनगरला आल्या होत्या.

पहिल्या कॉम्प्युटरचं त्यांनी मागचं झाकण काढायला लावलं. "मेकअप नको. आहे तसा दाखवा."

दुकानदार शेठ हसला. "मॅडम, शादी कर रहे हो क्या?"

"लग्न सोपं असतं, शेठ. माणूस बिघडला तर गावी पाठवता येतो."

सगळं बघून ताई त्या कॉम्प्युटरसमोर हळूच म्हणाल्या, "कळवतो."

पुढच्या टेबलाकडे जाताना मी कुजबुजले, "ताई, नको असला तर सरळ सांगायचं ना."

"तोंडावर नाही म्हणू नये. मला बघायला यायचे ते म्हणायचे."

एवढं बोलून त्या पुढे गेल्या. मी तिथेच उभी. आजवर त्यांनी स्वतःबद्दल मला एवढंही सांगितलं नव्हतं.

दुसरा कॉम्प्युटर चांगला होता. शेठने त्याला एक छोटा माईक लावला. "अब टाईप करायची गरज नाही, मॅडम. नुसतं बोला."

ताई माईकशी वाकल्या. "मुलगी सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष."

पडद्यावर अक्षरं धावत उमटली, जोडाक्षरांसकट. त्या एका 'गृहकृत्यदक्ष'ला माझा चहा गार होतो.

शेठ रंगात आला होता. "एक माणूस वाचला बघा. पगार वाचला."

मी बोटं ओढणीत लपवली. गावी काय सांगायचं, हेच मनात सुरू झालं. तेवढ्यात ताईंचा आवाज आला, "पसंत आहे."

त्यांनी पैसे दिले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचं तरी काय चुकत होतं? मग त्यांनी माईकची वायर उपसली, नीट गुंडाळली आणि शेठसमोर ठेवली.

"हा राहू दे."

"फ्री आहे, मॅडम. घेऊन जा ना. एकटा माणूस दुकान चालवेल याच्यावर."

"चालवलंय मी एकटीने." ताईंनी पर्सची चेन लावली. "संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलायची वेळ यायची."

शेठने माईक उचलून खणात टाकला. ताई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रेखा, तिकडे कीबोर्ड मांडलेत. तुझ्या हाताला बरा वाटेल तो निवड. मला काय कळतंय त्यातलं."