पाचटावरचं स्कीइंग

"आप्पा, पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं मला भेटायला येताय ना, त्यातल्या पहिल्या रविवारी आमच्या साहेबांनी तुमच्यासाठी स्कीइंग ठरवलंय," असं अमृतने काश्मिरातून फोनवर सांगितलं आणि पलूसमध्ये आप्पासोंच्या हातातला घास हातातच राहिला. पायांना दोन लांब फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं, एवढंच असतं ते, असं अमृत म्हणाला. आप्पासोंच्या बायकोला, सुलाबाईंना, तर त्यात काहीच विशेष वाटलं नाही. पडलात तर उठायचं, म्हणाल्या.

पण आप्पासोंची अडचण पडण्याची नव्हती. साठीतला शेतकरी बांधावर चार वेळा पडतोच. अडचण होती पोराच्या साहेबासमोर पडण्याची. अमृत फौजेत हवालदार. बर्फावरून आपण कसे वाऱ्यासारखे सुटतो, याचे किस्से तो दर सुट्टीत सांगायचा आणि गाव आ वासून ऐकायचं. अशा पोराचा बाप सगळ्या फौजेदेखत तोंडावर आपटला, तर पोराने मान वर कशी काढायची? या विचाराने आप्पासोंना दोन दिवस जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की आपलं अख्खं आयुष्य फळीवरच गेलंय. ढेकळं फोडायला बैलांमागे फळी जोडायची आणि वजनाला आपण तिच्यावर उभं राहायचं, हे काम ते दहाव्या वर्षापासून करत होते. इथे फळ्या दोन, एवढाच काय तो फरक. त्यांनी मानसिंग सुताराकडून दोन अरुंद फळ्या तासून आणल्या, पुढची टोकं वर वळवून. कशाला म्हणून त्याने विचारलं, तर भिंतीत मांडणी करायची आहे म्हणाले. असली मांडणी मानसिंगने जन्मात पाहिली नव्हती, पण आप्पासोंशी वाद कोण घालणार?

ऊस नुकताच तुटून गेला होता. रानभर वाळल्या पाल्याचं पाचट पसरलेलं, पाय ठेवला की सटकावा असं. आप्पासोंनी बैल जुंपले, फळ्या पायांना सुतळीने आवळल्या आणि जुवाला बांधलेल्या दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं. इथवर सगळं रीतसर होतं. तेवढ्यात सुलाबाईंनी बांधावरून सुचवलं, की कपडेही तिथलेच घालून बघा, ऐनवेळी गुदमरायला नको. झालं. अमृतने पाठवलेलं नारिंगी फुगीर जाकीट, माकडटोपी आणि काळा गॉगल, असा सगळा साज चढला.

बैलांनी बारा वर्षं आप्पासोंना धोतर-टोपीत पाहिलेलं. त्यांनी मागे वळून बघितलं, तर एक नारिंगी ध्यान आप्पासोंच्या आवाजात "चला रं" म्हणत होतं. बैल जे उधळले, ते पाचट ओलांडून शेजारच्या मनुबाईंच्या मेथीत, मेथीतून डांबरी सडकेवर. डेअरीपुढे दुधाच्या रांगेतल्या लोकांनी कॅन उचलून अदबीने वाट दिली. सुतळी पक्की होती, त्यामुळे आप्पासोंना धड पडताही येईना. शेवटी बैल पाटावर पाणी प्यायला थांबले. आप्पासो मात्र थांबले नाहीत, ते सरळ पाटात उतरले.

गुडघ्याला हळद-तेल चोळताना सुलाबाई लय बोलल्या. वर्षाने पोराचं तोंड बघायला मिळणार, आणि तुम्ही बर्फ दिसायच्या आधीच हाडं मोडून बसा. बोलून झालं, तशा दुसऱ्या दिवशी त्याच कासरा धरून बैलांपुढे उभ्या राहिल्या. जाकीट घरी ठेवून आठ दिवस सराव चालला. गुडघे वाकवायचे, मागे रेलायचं नाही, नजर लांब ठेवायची. आठव्या दिवशी आप्पासो उभं रान न डगमगता पार करायला लागले.

काश्मिरात, ठरल्या रविवारी, बर्फाच्या उतारावर साहेब होते, त्यांच्या बाई होत्या, दहाबारा जवान मोबाईल सरसावून उभे होते. अमृतचा चेहरा मात्र पांढराफटक. बुटाची कडी काही केल्या त्याला लावता येईना. आप्पासोंनी हळूच विचारलं, तर तो कानाशी लागला.

"आप्पा, मी ह्या फळ्या कवा पायात घातल्याच न्हाईत. भरती झाल्यापासनं रेशनच्या भांडारात हाय मी. नव्या सायबांनाबी थापा मारून बसलोय. ते म्हणत्यात, वडलांना तूच शिकव."

आप्पासोंना आधी संताप आला. मग पोरगं परत त्या कडीशी झटायला लागलं आणि राग कुठल्या कुठे गेला. "गुडघं वाकव आन् माझ्या मागनं ये," एवढंच ते म्हणाले.

आप्पासो सुटले. काय सुरेख सुटले! अर्धा उतार झाला, टाळ्या पडल्या, सुलाबाईंचा ऊर भरून आला. तेवढ्यात टाळ्या थांबल्या. आप्पासोंनी मागे पाहिलं. अमृत हात फिरवत, मागे रेलत, जीव मुठीत धरून येत होता आणि सगळे मोबाईल त्याच्याकडे वळत होते. आप्पासोंनी मोठ्याने "आगागा" केलं आणि बर्फात धाडदिशी अंग टाकलं. पाठोपाठ अमृत येऊन त्यांच्यावर आदळला.

साहेब धावत आले. "वडील पडलेले दिसताच कसा झेपावला बघा," ते जवानांना म्हणाले. आप्पासो तोंडातला बर्फ थुंकत म्हणाले, "मला कुठलं जमतंय सायेब, पोरगं व्हतं म्हनून वाचलो." साहेबांनी खूश होऊन तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढल्या सोमवारपासून नव्या जवानांना स्कीइंग अमृतच शिकवेल.

अमृत मटकन खाली बसला. सुलाबाईंनी एकदा पोराकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग नवऱ्याच्या पाठीवरचा बर्फ झाडत हळू आवाजात विचारलं, "आवं, आपलं परतीचं तिकीट कवाचं हाय?"

"मंगळवारचं."

"म्होरं ढकला."