डाव्या पायात पाचवा

आमच्या राजुरीचे किसनआप्पा कालपर्यंत डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसराच बूट घालून हिंडत होते. म्हातारा भ्रमिष्ट झालाय असा कुणाचा समज होऊ नये म्हणून सांगतो, दोन्ही बूट बास्केटबॉलचे आहेत आणि एकाच घराण्यातले. डावा पाचव्या मॉडेलचा, उजवा सहाव्याचा. वर पांढरंशुभ्र धोतर.

खेळते त्यांची लेक सारिका, पुण्यात. बापलेकीच्या पायाचा नंबर एकच, त्यामुळे तिचे नवे बूट आधी आप्पा घालून मऊ करतात. मग ते पोरीला चावत नाहीत. एकदा तसेच न पुसता पाठवले, तेव्हा कोर्टावर गोठ्याचा वास कुठून येतोय, हे सगळा संघ शोधत बसला होता. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

यंदा मात्र मामला नाजूक होता. गेल्या वर्षी सारिकाचा घोटा मोडला होता आणि आता राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली. पाचवा घोटा गच्च धरतो, पण जड. सहावा हलका, पण घोटा मोकळा सोडतो. लेकीनं बुटांची निवड बापावर सोपवली. आप्पांनी दोन्ही जोड आणले, गोठ्याच्या ओल्या फरशीवर गिरक्या घेतल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उड्या मारल्या. म्हशी आता त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मी म्हणालो, "आप्पा, मोबाइलवर बघा की. लोकांनी लिहिलेलं असतं."

"लोकांचं काय घेऊन बसलात गुरुजी? पायाला इचारा."

काल ते पार्सल द्यायला जुन्नरला निघाले. मी त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि विचारलं, कोणता ठरला?

"सहावा."

"आणि घोटा?"

"घोटा झालाय बरा. डॉक्टरनीबी सांगितलंय. पाचवा धाडावा असं मलाच वाटत व्हतं. जड बुटात निवड हुकली, तर पोरगी घरी यील म्हणून. पाय मोडला तवा पावसाळाभर घरी व्हती. मी तेल चोळायचो, ती बडबडायची. तिची आई गेल्यापून घरात येवढं बोलणं झालं नव्हतं. लई बरं वाटायचं, गुरुजी. पोरीचा पाय मोडलेला आन् बापाला बरं वाटतंय."

मी गाडी हळू केली.

"हळू नका घिऊ," आप्पा म्हणाले. "माझा इचार बदलायच्या आत पार्सल जाऊ द्या."