जाड आहे, पण कामाची आहे

रविवारी दुपारी बाळ झोपलं आणि मी ठरवलं, अर्धा तास गेम खेळू. तेवढाच.

समुद्रातल्या लढायांचा हा गेम आम्ही ऑफिसातले सहा जण ऑनलाइन खेळतो. टीमचा कप्तान मी. माझ्याकडे हेवी क्रूझर, म्हणजे जाड चिलखताची युद्धनौका आहे आणि तिचा मला इतका अभिमान आहे, की मोबाइलवर लग्नाच्या फोटोऐवजी तिचाच फोटो आहे. (बायकोने त्यावर बोलणं सोडलंय.)

सकाळीच बायकोच्या आत्या राहायला आल्या होत्या. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. सोमवारपासून बायको पुन्हा नोकरीवर रुजू होणार आणि बाळाला आत्या सांभाळणार, असं ठरलेलं. आत्या नाहीत तर नोकरी नाही, इतकं ते साधं होतं.

हेडफोन लावला की माझा आवाज चढतो. त्यात टीममधल्या नवख्याने विचारलं, क्रूझर म्हणजे नक्की कशी? मी खुललो.

"जाड आहे, पण कामाची आहे. समोरून कोणी भिडलं तर दाद देत नाही. लहानसहान तर तिला बघूनच पळतात. भडिमार सुरू केला की आवरत नाही. फक्त वळायला वेळ लागतो. लपणं जमत नाही, लांबूनच दिसते. आणि बाजूने गाठली की संपली."

कायम हीच ठेवणार का, त्याने विचारलं.

"छे. महिनाभर वापरून घेऊ, मग विकून मोठी आणू."

मागे कुणीतरी कप जोरात ठेवला. मी लढाईत होतो, लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळाने बायकोने माझा हेडफोन उपटला. "आत्या बॅग भरतेय. काय बोललास तू?"

"मी कुठे काय बोललो?"

"जाड आहे, लांबूनच दिसते, महिनाभर वापरून विकू."

मी खुर्चीतून उठून धावलो. आतल्या खोलीत आत्या शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आत्या, अहो, गैरसमज होतोय."

"जाड म्हणालात, हरकत नाही. आहेच मी. विकणार म्हणालात, तेही सोडा, गिऱ्हाईक मिळायचं नाही. पण जावईबापू, मला एकेरीत?"

"ती बोट आहे, आत्या. गेममधली."

त्यांचा हात थांबला. "बोट. स्त्रीलिंग, एकवचन," त्या पुटपुटल्या. "मग वाक्य बरोबर आहे. दाखवा बघू."

मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि वळून दाखवायला गेलो. दोन टॉर्पेडो बसले.

"बाजू दाखवायची नाही म्हणता, आणि अख्खी बाजूच दाखवताय की," म्हणत त्यांनी माउस घेतला. शत्रूकडे तिरकं तोंड ठेवून, बेटाच्या आडून मागे सरकत, त्यांनी दोन बोटी बुडवल्या. माझी छाती अभिमानाने फुगली. बोट माझीच होती ना.

आत्या राहिल्या. बायको रुजू झाली. टीमने मतदान घेऊन आत्यांना कप्तान केलं. (माझंही मत त्यांनाच.)

काल बाळाला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारत होतो. आत्या हेडफोन लावून नवख्याला समजावत होत्या, "तसा चांगला आहे. पण जरा जड आहे, वळायला वेळ लागतो आणि एकटा सोडायची सोय नाही."

क्रूझरबद्दलच चाललं असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण आत्यांचं व्याकरण कधी चुकत नाही.