चुकलेली पंगत

चुन्नीलालजींनी कोहळा अल्काताईंच्या ओसरीवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभे राहिले.

"मॅडम, ये वापस लो. घर में तीन और पडे हैं, पलंग के नीचे. कल मेरा पोता एक के ऊपर बैठके टीव्ही देख रहा था."

अल्काताईंना हसू फुटत होते, पण हसण्याची वेळ नव्हती. गोंदियातल्या पंधरा घरांची मोट बांधून ही 'रविवारची टोपली' त्यांनीच उभी केली होती. व्यवहार साधा होता. हंगामाच्या आधीच पंधरा घरांनी बेहडाटोल्याच्या खेमराज मेश्रामला शब्द द्यायचा, की बाबा, तुझ्या वावरात जे होईल ते आमचे. आणि खेमराजने दर रविवारी जे निघेल ते टोपल्यांत भरून आणायचे. दोडक्याच्या दिवसांत दोडका, कोहळ्याच्या दिवसांत कोहळा. पावसाने दगा दिला तर अर्धी टोपली, आणि तीही गोड मानून घ्यायची.

आठ घरांनी गोड मानली होती. उरलेली सात चुन्नीलालजींच्या गल्लीतली. चुन्नीलालजी रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय त्या गल्लीत पापडसुद्धा वाळत पडत नसे. ते सुटले की सात घरे सुटणार, आणि सात घरे सुटली की टोपलीचे बारा वाजणार. इकडे खेमराजने उन्हाळी भाजीसाठी धानाची अख्खी बांधी, म्हणजे भाताचे खाचर, मोकळी ठेवली होती. कुणाच्या भरवशावर? अल्काताईंच्या.

खेमराज तिथेच टोपल्या उतरवत होता. त्याने कोहळा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि शांतपणे म्हणाला, "चाचाजी, असं करा. येत्या शुक्रवारी आमच्या गावची मंडई हाय. सगळेच या. घरी जेवा, वावर पाहा. मंग तुमचं मन म्हणन तसं करा. मी फाट्यावर उभा राहतो."

पुण्यामुंबईकडच्या वाचकांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो, आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. त्या दिवशी ज्याच्या अंगणात तुमचा पाय पडला, त्याचे तुम्ही पाहुणे. कुठले, कुणाचे कोण, असे यजमानाने विचारणे म्हणजे वाढलेले ताट ओढून घेणे. आणि पाहुण्याने तरी 'हे घर कुणाचं?' म्हणून कसे विचारावे? माहीत नसताना जेवायला आलात होय?

हा रिवाज फार सुंदर आहे. घोटाळा झाला तो ह्या सुंदर रिवाजामुळेच.

शुक्रवारी टोपलीची मंडळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसली आणि निघाली. पुढच्या सीटवर चुन्नीलालजी. तिरोड्याच्या पुढे रस्त्यावर मंडईची ही गर्दी! ड्रायव्हर म्हणाला, "फाट्यावरून गेलो तर संध्याकाळ होईल. पाटाच्या रस्त्याने घुसवतो." आणि त्याने चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाटाकाठून गाडी घातली ती थेट बेहडाटोल्याच्या पाठीमागून गावात काढली. अल्काताईंनी खेमराजला फोन लावून पाहिला. रेंज नव्हती.

गावात सगळीकडे मांडव, सगळीकडे चुलीचा धूर. अल्काताई खेमराजच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. पण एका घराच्या ओट्यावर त्यांना टोपल्या दिसल्या. बांबूच्या, काठाला हिरव्या कामटीची दुहेरी वीण. दर रविवारी आपल्या ओसरीवर येतात त्याच!

"हेच घर," त्या म्हणाल्या. अख्ख्या गावाला टोपल्या एकच बुरूड विणून देतो, हे बिचाऱ्यांना कसे ठाऊक असणार?

पांढऱ्याशुभ्र धोतरातले एक भारदस्त गृहस्थ पाण्याचा लोटा घेऊन लगबगीने पुढे आले.

"या जी, या! लगीत उशीर केला नं! पाय धुवा आन् बसाच पंगतीले."

खेमराजचे काका असतील, असे अल्काताईंनी मनाशी ठरवले. त्या म्हणाल्या, "आम्ही पोचल्याचा निरोप तेवढा फाट्यावर पाठवा हं."

"पाठवतो जी," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी खरोखरच गडी पाठवला. निरोप कुणाला द्यायचा हे त्यांना माहीत नव्हते, गड्यालाही नव्हते. पण मंडईच्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणायचे नसते.

पंगत बसली. आणि काय सांगावे त्या जेवणाचे! नव्या चिन्नोर तांदळाचा भात, ज्याच्या वासाने शेजारचा माणूसही जेवायला यावा. लाखोळीच्या डाळीचे वडे, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ. पोपटीच्या कोवळ्या शेंगांची उसळ. आणि वांगे-आलूची रस्साभाजी. ती वांगी अशी, की बोटाने दाबली तर लोण्यासारखी बाजूला होत, पण देठापाशी चव धरून राहत. अशी वांगी बाजारात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी संध्याकाळपर्यंत ती तशी उरत नाहीत.

पहिल्या घासाला चुन्नीलालजींनी बाह्या सारल्या. दुसऱ्या वाढीला त्यांनी टोपी काढून ठेवली. तिसऱ्या वाढीला म्हणाले, "बैंगन कहां का है, भाई?"

यजमान फुलून आले. "आमच्याच बाडीतलं जी, घरामागच्या. इकत आणलेला भाजीपाला या घरात शिरतच नाई. पाणी चोरखमाऱ्याचं, पर माती लागते नं! धुऱ्यापलीकडच्या लोकाईनं सात जन्म घेतले तरी असं वांगं होणार नाई त्याईच्यानं."

"मॅडम!" चुन्नीलालजींनी उष्टा हात वर केला. "मेरी जबान लो. ऐसा बैंगन जिस खेत का, मैं उस खेत का. मेरे सातों घर पक्के. उन्हाळा भी पक्का!"

अल्काताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. जिंकलो! त्यांनी कृतज्ञतेने मान वर केली आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर राजा भोजाची तसबीर होती. तिला झेंडूचा ताजा हार होता.

हातातला वडा हातातच राहिला. खेमराजच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असणार. राजा भोज लावतात ते पोवार. म्हणजे आपण कुणाच्या घरी जेवतो आहोत?

यजमानीणबाई भात घेऊन आल्या, तेव्हा अल्काताईंनी हळूच विचारले, "वहिनी, खेमराजभाऊंचं घर इथून किती लांब?"

बाईंच्या हातातली भातवाढणी थबकली. "अवो बाई! तुमी खेमराजचे पावणे?"

"तुम्हाला आम्ही कोण वाटलो?"

"मले वाटलं ह्यांच्याकडचे. ह्यांले वाटलं माह्याकडचे. सैपाकघरात दोनदा भांडण झालं आमचं त्याच्यावरून. पर तुमाले कसं विचारावं?" त्या खाली वाकल्या. "मी भूमेश्वरी. आन् हे गुणवंता राहांगडाले. ह्यांचं आन् खेमराजचं वावर लागून हाय, मधात धुऱ्याचा बांध. दोन वरसं झाली, धुऱ्यावरून अबोला हाय दोघाईचा. वीतभर धुरा! एकमेकाची सावली पडली तरी रस्ता बदलतेत."

"मग आता आम्ही उठतो."

"खबरदार! मंडईच्या दिवशी पंगतीतून पावणा उठला तर ह्यांचं नाक कटते. आन् ते तुमचे चाचाजी पाहा, आनखी भात मागून राहिले."

अल्काताईंना आता कुठे घोळ उमगला. चुन्नीलालजींनी शब्द दिला तो ह्या वांग्याला, म्हणजे खेमराजच्या वैऱ्याच्या वांग्याला! आणि खेमराज तिकडे फाट्यावर उन्हात उभा. त्याच्या घरी एवढ्या माणसांचा स्वयंपाक निवत पडलेला.

गड्याने इमानेइतबारे फाट्यावरच्या पानठेल्यावर सांगितले होते, "गुणवंताभाऊकडे गोंदियाचे पावणे पोचले." ते ठेल्याला टेकून उभ्या असलेल्या खेमराजने ऐकले. चुन्नीलालजी चौथ्यांदा भात कालवत होते आणि खेमराज घामाघूम होऊन मांडवाच्या तोंडाशी उभा होता. मागे त्याची बायको रुक्माबाई.

"ताई," त्याचा आवाज एवढासा झाला होता, "सकाळपासून उभा हाव मी. तुमी इथं?"

अल्काताईंना धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. गुणवंता खेमराजकडे पाहीनात, खेमराज गुणवंतांकडे पाहीना. पंगतीत कुणी घास गिळेना. एकटे चुन्नीलालजी तेवढे जेवत होते.

मार्ग काढला तो रुक्माबाईने. ती कुणालाच उद्देशून न बोलता मोठ्याने म्हणाली, "भरल्या पंगतीतून पावणे उठवता येत नाई, आमाले समजते. पर पावणे आमचे हायत. आमचं जेवण इथंच येईन."

आणि ती गेली, आणि आली ती शेजारणी घेऊन. डोक्यांवर गंज-पातेली, परातीत भाकरी, पाठोपाठ सुरणाची भाजी, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या, भेदऱ्याची म्हणजे टमाट्याची चटणी. मंडईच्या दिवशी दारात आलेले अन्न परत पाठवणारा गुणवंता कोण? त्यांनी जबडा आवळून गड्याला सांगितले, "पत्रावळी टाक नवीन."

मंडळी पुन्हा जेवायला बसली, खेमराजही शेवटच्या पत्रावळीवर टेकला. चुन्नीलालजींनी पायजम्याची नाडी सैल केली, कोचईची वडी तोंडात टाकली आणि विचारले, "अब ये कौन है? दो-दो घर का खाना कायले?"

अल्काताईंनी सगळे सांगून टाकले. लपवणार तरी किती? आणि सांगून झाल्यावर जे व्हायचे तेच झाले.

"रुको," गार्डसाहेबांचा झेंडा लाल झाला. "जबान मैंने बैंगन को दी है. बैंगन इनका, टोपली उसकी. वडी अच्छी है, पर वडी को मैंने कुछ नहीं बोला. मेरे सात घर कॅन्सल."

खेमराजने मान खाली घातली. ती मोकळी ठेवलेली बांधी त्याच्या डोळ्यांपुढे आली असणार. अल्काताईंना वाटले, आपण ह्या भल्या माणसाला धुळीला मिळवले. गुणवंता मात्र मिशीतल्या मिशीत हसत होते. "सांगतलं नं," ते म्हणाले, "धुऱ्यापलीकडं असं वांगं होतच नाई."

भूमेश्वरीबाईंनी भाताचा गंज खाली आपटला.

"होतच नाई? आपल्या बाडीत पोळ्यापासून वांग्याचं हाय का एक तरी झाड? तुमच्या बकऱ्याईनं मुळासकट खाल्लं. धानाच्या बाहेर कधी पायलं तुमी काई?"

"मंग... हे रोजचं?"

"हे रुक्माचं, धुऱ्याकाठच्या तिच्या झाडाईचं. मी धुऱ्यावरून तिले दही देतो, ते मले वांगी देते. अबोला तुमचा हाय. आमचा कोणी सांगतला?"

रुक्माबाईने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गुणवंता राहांगडाले ज्या वांग्यांची तारीफ करत बोटे चाटत होते, ती सगळी खेमराजच्या वावरातली होती. सबंध मांडव हसू दाबून त्यांच्याकडे पाहत होता.

चुन्नीलालजींनी हिशेब पूर्ण केला. "मतलब बैंगन खेमराज का? फिर जबान पक्की. सातों घर!" आणि ते पुन्हा वडीकडे वळले. अल्काताईंनी हातातला वडा आता कुठे तोंडात टाकला. इतका गोड वडा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

गुणवंतांनी मिशीवरचा हात काढला. मग एक पत्रावळ ओढून पंगतीच्या शेवटी, खेमराजच्या शेजारी, धपकन बसले. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले.

"काऊन बे खेमराज, उन्हाळ्यात भेंडी लावशीन का?"

"लावतो नं," खेमराज सुरण कालवत म्हणाला. "धुऱ्याच्या कोणत्या बाजूनं लावू?"

गुणवंतांनी रुक्माबाईपुढे पत्रावळ सरकवली.

"लाव कोणत्याबी बाजूनं. बकऱ्या मी बांधून ठेवतो."