चाँदभाईंचा दरोडा

आमच्या वसतिगृहाच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला चाँदभाई दोन प्रश्न विचारत. पहिला नेहमीचा. नाव काय, कोणाला भेटायचंय. उत्तर रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचे, सही घ्यायचे. आणि पेन परत घेता घेता दुसरा : "फक्त समजा हां. तुमाला हितं दरोडा घालायचाय. कुठून घुसाल?"

गॅसवाला म्हणाला, "टाकी खांद्यावर असली की कोण अडवतंय? सरळ जातो." मुलीला भेटायला आलेले एक वडील इतके घाबरले की त्यांनी पिशवीतला चिवड्याचा डबा उघडून दाखवला. मीटरचं रीडिंग घेणाऱ्यानं मात्र विचार करून मागच्या न्हाणीघराची खिडकी सुचवली. ती खरंच सैल निघाली, मी त्याच दिवशी दुरुस्त करून घेतली. एवढा एक फायदा सोडला तर बाकी सगळ्या तक्रारी. एका आजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमचा वॉचमन चोर हाय का पोलीस?"

मी म्हणाले, "दोन्ही नाही. लेखक आहे."

लातुरात मी मुलींचं वसतिगृह चालवत होते तेव्हाची ही गोष्ट. भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती आणि गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. माझ्याकडे चाळीस मुली. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्यांदा. अशा ठिकाणी याद्यांशिवाय भागत नाही. दुधाची यादी, टँकरची यादी, ताप आलेल्यांची यादी. रात्रीच्या जेवणाला न आलेल्या, म्हणजे खोलीत रडत बसलेल्या मुलींची यादी मी वेगळ्या वहीत ठेवायची. ती कधीच रिकामी झाली नाही.

वॉचमन एका सिक्युरिटी एजन्सीकडून यायचा. एजन्सीचं नाव लिहीत नाही, ती आता राहिली नाही. तिनं पाठवलेले पहिले दोघं टिकले नाहीत, तिसरे चाँदभाई. पन्नाशीचे, काटकुळे. गणवेश दुसऱ्या कोणासाठी शिवलेला, त्यामुळे पट्ट्याला खिळ्यानं चार भोकं जास्तीची पाडलेली. गळ्यात शिट्टी होती, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही. "शिट्टी मारली की चोराला कळतंय ना म्याडम, आपुन कुटं हाव ते."

कादंबरीचा शोध मला रजिस्टर संपलं तेव्हा लागला. ते वेळेआधीच संपलं, म्हणून उलटून पाहिलं, तर मागून पुढे बारीक अक्षरात अकरा प्रकरणं. एका शहरात एक सिक्युरिटी कंपनी. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हापिसात एक लोखंडी कपाट. पाच दरोडेखोर ते फोडायला निघतात. पहिल्या प्रकरणात ते जिन्यापर्यंत येतात, तिथे वॉचमन बसलेला. तो विचारतो, नाव काय, कोणाला भेटायचंय. दरोडेखोर एकमेकांकडे बघतात, नावं लिहितात, सह्या करतात आणि परत जातात. दुसऱ्या प्रकरणात ते वेश बदलून येतात. वॉचमन ओळखतो. तिसऱ्यात मागच्या जिन्यानं येतात. वॉचमन आज मागे बसलेला असतो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी पाचही जण पहिल्या पायरीवरच होते.

वसतिगृहाच्या रजिस्टरचा असा वापर केल्याबद्दल मी त्यांना बोलावून घेतलं. बोलायचं होतं एक, बोलले भलतंच.

"चाँदभाई, त्या वॉचमनला झोपवा की एकदाचं."

"झोपंल कसा? ड्यूटीवर हाय."

"चहात गुंगीचं औषध घाला."

"ड्यूटीवर दुसऱ्याचा चा घेत न्हाई त्यो."

"मग पैसे चारा त्याला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातल्या माणसाबद्दल बोलले होते. "म्याडम, तुमी वळखत न्हाई त्याला."

रविवारची चाचणी झाली की मुली फाटकापाशी जमायच्या आणि चाचांच्या दरोड्याला हातभार लावायच्या. दोरीवर किती वजन पेलेल याचा हिशेब कोणी करी, क्लोरोफॉर्मनं माणूस लगेच पडत नाही हे कोणी पुस्तक दाखवून सिद्ध करी. खऱ्या अभ्यासात मी त्यांना एवढं रमलेलं कधी पाहिलं नाही. त्यात चेतना नावाची इस्लापूरची मुलगी होती, तिसऱ्यांदा परीक्षा देणारी, तोंडानं फटकळ. तिनं एकदा नेमकं विचारलं, "चाचा, अकरा प्रकरणं झाली, तुम्ही करून काय राहिले? त्या कपाटात आहे तरी काय?"

"कागद."

"कागद? पाच माणसं जिवावर उदार होऊन कागद चोरून राहिले? आमच्याकडे रद्दीवाल्याला दिले तर तोही नाक मुरडतो."

सगळ्या हसल्या. चाँदभाईही हसले, आणि नवीन कोरं रजिस्टर उगाच पुसायला लागले.

मला थोडी कल्पना होती. कामावर घेताना एजन्सी माणसाचे मूळ कागद ठेवून घ्यायची. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, जे असेल ते. माणूस मध्येच पळू नये म्हणून. कागद नांदेडच्या मुख्य ऑफिसात जायचे आणि तिथून परत यायचे नाहीत. चाँदभाई आठ वर्षं मागत होते. उत्तरं तीन होती : साहेब न्हाईत, फाईल सापडंना, पुढच्या महिन्यात बगू.

बाकीचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, टँकरची वाट बघत उभे असताना. त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. ते लातुरात डाळमिलला हमाल होते, घरी बायको आणि दोन मुली. मिलच्या मालकाला पत्त्याचा पुरावा पाहिजे होता म्हणून रेशनकार्ड त्या आठवड्यात त्यांनी बरोबर आणलं होतं. त्याच आठवड्यात भूकंप झाला. घरातलं काहीही राहिलं नाही, कोणीही राहिलं नाही. कार्ड राहिलं, कारण ते त्यांच्या खिशात होतं.

पुढे पुनर्वसनाच्या गावात नवीन कार्ड मिळालं. त्यावर एकच नाव. एजन्सीनं रेशनकार्ड मागितलं तेव्हा त्यांच्याकडे दोन होती. "नवं दिलं तर धान्य कशावर घ्यायचं? मी जुनं दिलं, म्याडम. म्हणलं, हे आता कुटं लागतंय." टँकर आला. पाइप धरता धरता ते म्हणाले, "इतकं हुशारीनं काम केलं बगा मी."

"आता कशाला लागतंय ते?" मी विचारलं.

"कशालाच न्हाई."

कशालाच न लागणारी कामं मी अंगावर घेत नाही. तरी त्या दिवशी माझ्या यादीत गीझरची कॉइल आणि डासांची जाळी यांच्या मध्ये मी लिहिलं : चाँदभाई, जुनं कार्ड.

वसतिगृहाच्या लेटरहेडवर तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. मग म्हटलं, आपणच जाऊ. एका गुरुवारी बदली माणूस फाटकावर बसवला आणि आम्ही नांदेडची एसटी धरली. चाँदभाई इस्त्री केलेल्या गणवेशात. गाडी स्टँडच्या बाहेर पडली नाही तोच त्यांनी कंडक्टरला गाठलं. "फक्त समजा हां, ह्या गाडीवर दरोडा पडला..."

"चाचा, आधी तिकीट काढा, मग पडू दे दरोडा," कंडक्टर म्हणाला.

ऑफिस एका बॅटरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याशी वॉचमनची खुर्ची होती. खुर्चीवर टॉवेल होता. वॉचमन नव्हता.

चाँदभाई तिथेच थांबले. "कोनी हाय का?" त्यांनी हाक मारली. वर बघून मारली, जिन्यामागे वाकून मारली. कोणी आलं नाही. खुर्चीखाली रजिस्टर पडलं होतं. त्यांनी ते उचललं, धूळ झटकली, स्वतःचं नाव, माझं नाव, यायची वेळ आणि काम लिहिलं. सही केली. माझीही घेतली. मगच आम्ही वर गेलो.

वर दार उघडं. पंखा चालू. टेबलावर अर्धा कप चहा, त्यावर साय. माणूस नाही. आणि भिंतीला लागून ते कपाट, कडेनं गंजलेलं, दाराच्या फटीतून फायलींच्या नाड्या लोंबत असलेलं. चावी कुलपातच होती. तिला लाल दोरा बांधलेला होता आणि तो पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता.

मी खालच्या आवाजात म्हणाले, "चाँदभाई, काढा."

"कोनी न्हाई ना हितं."

"म्हणूनच म्हणते, काढा. तुमचाच कागद आहे."

"म्याडम, असं कसं? उघडं टाकून गेल्यात. कोनी आलं तर?" त्यांचा चेहरा उतरला होता, त्या बेफिकिरीनं. ते खाली गेले, रजिस्टर काखेत धरलं, वॉचमनची खुर्ची उचलून वर आणली, कपाटासमोर ठेवली आणि तिच्यावर ताठ बसले.

आम्ही दीड तास बसलो. त्या दीड तासात एक कुरियरवाला आला आणि एक कप न्यायला आलेला चहावाला. दोघांच्याही सह्या झाल्या. चहावाला म्हणाला, "नवीन हाव का? बरं झालं. हितं कोनच बसत न्हाई."

मग सुपारी चघळत क्लार्क आला. "तुमाला कुनी बसवलं हितं?"

चाँदभाईंनी उठून सलाम ठोकला, नाव सांगितलं, काम सांगितलं. मी माझी तीन पत्रं तारखांसकट सांगितली. क्लार्कनं ऐकून घेतलं. साहेबांच्या सहीशिवाय कागद देता येत नाही, साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी या. बोलता बोलता त्यानं कपाटाला कुलूप लावलं, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. लाल दोरा तेवढा बाहेर राहिला.

चावी आत जाताना मी पाहत होते. दीड तास ती माझ्यापासून चार पावलांवर होती. चाँदभाई उठणार नव्हते हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मी उठू शकत होते. मला अडवायचं त्यांना धाडस झालं नसतं. मी का उठले नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एवढंच सांगते, की त्यांच्यासमोरून ते कार्ड चोरून आणलं असतं तर ते त्यांनी हातात घेतलं नसतं असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, घेतलं असतं.

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्याचं शटर बंद होतं. बॅटरीवाला म्हणाला, "गाशा गुंडाळला त्यांनी. जागेच्या मालकानं काल खोली रिकामी केली. कपाट भंगारात गेलं."

"आणि कागद?"

"रद्दीत. कुण्या रद्दीवाल्याला ते काय म्हाईत न्हाई."

नांदेडातले तीन रद्दीवाले आम्ही पालथे घातले. तिसऱ्यानं माल ओळखला. नाड्या बांधलेल्या फायली, हो, आल्या होत्या. सकाळच्या ट्रकमध्ये भरल्या. त्याचं वजनकाट्यापाशी स्वच्छ झाडून काढलेलं अंगण चाँदभाईंनी कोपऱ्या-कोपऱ्यानं पाहिलं. रद्दीवाला वैतागला नाही, तोही त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागला.

एजन्सी गेली म्हणून मी चाँदभाईंना वसतिगृहातच थेट कामावर ठेवलं. चेतना एकदा म्हणाली, "चाचा, बारावं प्रकरण?" ते म्हणाले, "त्यो वॉचमन कुटं तरी निघून गेला, बेटा. आता कुनी बी घुसंल. लिवायचं काय त्यात?" चेतनाचं त्याही वर्षी झालं नाही. ट्रंक घेऊन ती गेली त्या दिवशी चाँदभाईंनी तिला स्टँडपर्यंत पोचवलं. आल्यावर गणवेश न बदलता बसून राहिले.

मी मात्र यादीतलं काम अर्धं सोडत नाही. पुरवठा कार्यालयात अर्ज केला. त्या गावांचं जुनं रेशनचं दप्तर मिळत नाही, असं लेखी उत्तर आलं. मग कोणीतरी सांगितलं, की भूकंपात गेलेल्यांच्या याद्या सरकारकडे आहेत, नक्कल मिळते. मी फॉर्म आणला आणि फाटकाशी जाऊन म्हणाले, "चाँदभाई, तिघींची नावं सांगा. सही-शिक्क्याचा कागद मिळेल, सगळ्यांची नावं असलेला."

त्यांनी फॉर्म हातात घेतला, वाचला आणि परत माझ्याकडे दिला. मग हळू म्हणाले, "त्या यादीत हायेत की म्याडम नावं. म्या बगितल्यात. पर ती मेलेल्यांची यादी हाय. जित्त्यांची यादी ती येकच व्हती."

मी पेनाचं टोपण लावलं. तिथेच, फाटकाच्या कट्ट्यावर बसले. क्लास सुटला होता. मुली दप्तरं सावरत आत येत होत्या आणि ते एकेकीला मान हलवून आत सोडत होते. सगळ्या गेल्यावर ते आपणहून बोलले.

"धाकटीला रेशनवाल्यानं अर्धं युनिट लिवलं व्हतं. मोठ्या मानसाला येक, ल्हान लेकराला अर्धं, आसं धरत्यात म्हनं. मी लई भांडलो त्याच्यासंगं. तिला कडंवर घिऊन गेलो दुकानात." त्यांचा डावा हात कडेपाशी वाकला आणि तसाच राहिला. "म्हणलं, नीट बग की रं. अर्धी कुटं हाय? सगळी तर हाय."